मिस्त्री चहा सांगत तेव्हा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या काळी कुठल्या शेडमध्ये नवं काम आलंय, हे सगळ्यांत आधी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला कळायचं. त्याला कुणी सांगायला जात नसे. अवेळी एखादा हेल्पर किटली घेऊन पळत आला की तो समजून जायचा, त्या शेडमधला मिस्त्री आता लेथचे गिअर बदलतोय.

याचं कारण सांगायला हवं. लोखंडी दांड्यावर आटे पाडायचे, म्हणजे बोल्टला असतात तसे, तर दांडा फिरण्याचा वेग आणि कापणारं टूल पुढं सरकण्याचा वेग यांचा मेळ बसावा लागतो. तो मेळ घालतात लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राच्या, डाव्या अंगाला, झाकणाआड बसवलेली दातेरी चाकं. कुठलं चाक कुठं घातलं की किती बारीक आटे पडतात, एवढीच ती विद्या. ती ज्याला येते तो मिस्त्री, आणि येत नाही तो हेल्पर, मग त्याच्या मिशा पिकल्या तरी. म्हणून झाकण उघडायच्या आधी मिस्त्री म्हणायचा, "जा रं, च्या घिऊन ये." हेल्पर परत येईपर्यंत झाकण बंद झालेलं असायचं. एखादा फारच चलाख निघाला आणि धावत लवकर परतला, तर मिस्त्री किटलीला बोट लावून म्हणायचा, "गार हाय, परत जा."

हे मला कळलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग राग आला. मला राग पटकन येतो, आजही येतो. आमचं घर शिक्षकांचं. आजोबा, वडील, काका, सगळे खडू हातात घेऊनच वाढलेले. एखाद्याला येणारी गोष्ट तो दुसऱ्याला मुद्दाम शिकवत नाही, हे आमच्या डोक्यात शिरणं कठीण होतं.

मी उद्यमनगरातल्याच एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले, ती सत्तरच्या आसपासची गोष्ट. गणित घेऊन पदवी झाली होती, शाळेत जागा मिळत नव्हती, आणि घरी बसून लोकांचे प्रश्न ऐकण्यापेक्षा टाइपरायटर बरा होता. कारखाना म्हणजे दोन शेड आणि मध्ये एक पत्र्याचं ऑफिस. ऑइल इंजिनांचे आणि पंपांचे सुटे भाग तिथं तयार व्हायचे. मालक स्वतः कधीकाळी याच गल्लीत हेल्पर होते. त्यांचा आवाज मोठा होता, आणि कुजबुजायचं म्हटलं तरी तो बाहेरच्या शेडपर्यंत जायचा.

एकदा ते पुण्याला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी मला समोर उभं करून म्हणाले, "बाई, तुमी गणित शिकलाईसा न्हवं?"

"हो."

"मग दुपारपातूर टायपिंग करायचं. दुपारनं शिकवायचं."

"कुणाला? आणि काय?"

"हेल्परांना. काय त्ये तुमी ठरवा. पुन्यात एका कारखान्यात बगून आलोय, कामगारांची शाळाच काढलीया त्यांनी. म्होरला काळ तसलाच येनार हाय. मशीन काय, कोनबी आनंल. शिकल्यालं मानूस कुठनं आननार?"

हे वाक्य मी पुढं कितीतरी वर्षं, कितीतरी सुटाबुटातल्या माणसांकडून, जड जड शब्दांत ऐकलं. एवढ्या सरळ पद्धतीनं कुणी सांगितलं नाही.

ओतकामाचे लाकडी साचे ठेवायची एक खोली रिकामी करून मला दिली. साचे सगळे हलवले नव्हतेच, निम्मे भिंतीला टेकून उभे होते. फळा रंगवून घेतला, फळ्या टाकून बाकं केली. पहिल्या दिवशी दहा-बारा हेल्पर हातपाय धुऊन, केस विंचरून आले आणि लग्नाच्या पंगतीला बसावं तसे ओळीनं बसले. मी अपूर्णांकांपासून सुरुवात केली. अंश, छेद, लसावि. मी मनापासून शिकवत होते आणि ते मनापासून विश्रांती घेत होते. आठवडाभरात दोघं उघड झोपायला लागले. मी एकाला खडू फेकून मारला, तर त्यानं तो उचलून आदरानं परत आणून दिला.

त्यांच्यात गडमुडशिंगीहून सायकलवर येणारा एक जण होता. तिशी गाठलेला, दोन लेकरांचा बाप, आणि अजून हेल्परच. तो झोपायचा नाही. एके दिवशी त्यानं हात वर केला. "बाई, ह्ये समदं बरोबर आसंल की. पर ह्यात आटं कुटं हाईत?"

मी लेथ जवळून पाहिलाच नव्हता. मी खडू खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले.

आमच्या मोठ्या लेथवर जे मिस्त्री होते, ते साऱ्या उद्यमनगरात नावाजलेले. उंच, पांढरी कातरलेली दाढी, खांद्यावर पुसायचं फडकं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूरचंच. शुक्रवारी दुपारी नमाजाला जाऊन आले की अत्तर आणि मशीनचं तेल असा मिळून एक वास यायचा. खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा भटजी करायचे, पण या लेथला हळदकुंकू मिस्त्री स्वतः लावायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांचा हेल्पर म्हणजेच तो गडमुडशिंगीकर.

मी जाऊन उभी राहिले, तेव्हा नेमका नवा जॉब, म्हणजे नवा दांडा, लेथवर चढवायचा होता. मिस्त्रींनी सवयीनं हेल्परला म्हटलं, "जा रं, च्या घिऊन ये." तो किटली घेऊन गेला. मी उभीच. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांनी फडक्यानं मशीन पुसलं. ते आधीच स्वच्छ होतं. ते पुन्हा पुसलं. आता अडचण अशी होती, की हेल्परला चहाला पिटाळता येत होतं, पण बाईमाणसाला, तेही ऑफिसातल्या शिकलेल्या बाईला, चहाला कसं पिटाळणार? अशी रीत कुणी घालूनच दिली नव्हती.

"बाई, तुमी च्या घेनार?"

"मी चहा घेत नाही मिस्त्री."

शेवटी त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि झाकण उघडलं. एक लहान चाक काढलं, एक मोठं घातलं, दाते एकमेकांत बसवले, झाकण लावलं. मी दात्यांकडं बघत होते आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. वीस दात्यांचं चाक साठ दात्यांच्या चाकाला फिरवत असेल, तर ते एकतृतीयांशच फिरणार. हा तर माझाच अपूर्णांक होता, लोखंडाचा. मला इतका आनंद झाला की मी तिथंच विचारलं, "मिस्त्री, हे मी वर्गात शिकवलं तर चालेल का?"

"न्हाय."

"का पण?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "तुमी शाळंतली मानसं, बाई. तुमी शिकीवलं की पोरगं म्होरल्या वर्गात जातंय, तुमची खुर्ची तितंच ऱ्हाती. आमचं तसं न्हाय. मी ह्येला शिकीवलं की माज्या जाग्यावर ह्यो. मग मी कुटं जाऊ?"

मी रागारागानं निघून आले. पण शिकवलंही नाही. त्यांची वस्तू होती, त्यांनी नाही म्हटलं होतं. मी साधी चाकं पुठ्ठ्याची कापून आणली आणि कुणी कुणाला फिरवलं की काय होतं, एवढंच शिकवत राहिले. अंश म्हणजे फिरवणारं, छेद म्हणजे फिरणारं. बाकावरची झोप मात्र थांबली.

दसरा पंधरवड्यावर आला आणि पुण्याहून एक ऑर्डर आली. आमचं सगळं काम तोवर इंचात आणि सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, चालायचं. इंचाला आठ आटे, इंचाला बारा आटे. या ऑर्डरीचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये होतं. दोन आट्यांमधलं अंतर दोन मिलिमीटर. सोबत नमुन्यादाखल एक नट पाठवला होता. तो आमच्या बोल्टवर शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मग पुढची मोठी ऑर्डर. मालकांनी तो नट टेबलावर ठेवला, त्याच्याकडं खूप वेळ बघितलं आणि मिस्त्रींना बोलावून दिला.

त्या सकाळी हेल्पर चहाला तीनदा गेला. दुसऱ्या दिवशी पाचदा. चहावाला म्हणाला म्हणे, "आज काय तुमच्या शेडात लगीन हाय?" शेडमध्ये कुणालाच चहा जात नव्हता. किटल्या तशाच गार होत होत्या. मिस्त्री चाकं घालत होते, काढत होते. आटे दिसायला सुरेख पडायचे. नट हातानं लावला की दोन फेरे सुरळीत जायचा आणि तिसऱ्याला घट्ट अडकायचा. मग मिस्त्री तो हलक्या हातानं उलटा फिरवून काढायचे आणि फडक्यानं पुसून खिशात ठेवायचे. दुसऱ्या कुणाच्या हातात त्यांनी तो नट दिला नाही.

तिसऱ्या दिवशी मालक शेडमध्येच आले. सगळ्यांसमोर त्यांनी बोल्ट घेतला, नट फिरवला. तो अडकला. ते तिथून सरळ ऑफिसात आले आणि मला पत्र सांगितलं. पुण्याच्या एका लेथवाल्याला बोलवायचं होतं, दसऱ्यानंतर, कायमचं. पत्र झाल्यावर मी विचारलं, "मग मिस्त्री?"

"ड्रिलवर." मालक खिडकीबाहेर बघत होते. "मला काय बरं वाटतंय व्हय? पर काम तर झालं पायजे की."

ड्रिलवर म्हणजे भोकं पाडायला. तिथं नवशिका माणूस उभा करतात. ज्या माणसाच्या लेथला दुसरा कुणी हळदकुंकूही लावत नव्हता, त्याला दसऱ्यानंतर त्याच शेडमध्ये भोकं पाडत उभं राहायचं होतं. मी पत्र टाइप केलं. ते पाकिटात घातलं, पण पोस्टाला दिलं नाही, मालकांना सांगून दोन दिवस थांबवलं. "दोन दिवसानं काय हुनार हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री माझ्या खोलीच्या दारात आले. बिजागरी करकरते का ते त्यांनी दार हलवून बघितलं. करकरत नव्हती. मग ते आत आले आणि बाकावर न बसता एका लाकडी साच्यावर टेकले.

"बाई, समजा, एक मिस्त्री हाय."

"समजा," मी म्हटलं.

"त्यो आपल्या उस्तादाचा च्या आनतच मोटा झाला. उस्तादानं कदी झाकन दावलं न्हाय. मग त्यानं काय केलं, किटली दाराम्होरं ठिवायची आनि खिडकीच्या फटीतनं बगायचं. आसं करून त्यानं सा सेट चोरलं. इंचाला आठाचा, धाचा, बाराचा, आसलं. त्या सा सेटवर घर चालीवलं, पोरींची लग्नं केली." मग समजा सोडून सरळ बोलले. "लोकास्नी वाटतंय मी लपीवतो. लपवायला काय हाय बाई माज्याजवळ? साच तर हाईत. सातवा मला येत न्हाय. त्या झाकनाआड काय हाय ते दिसू ने म्हनून न्हाय, काय न्हाय ते दिसू ने म्हनून मी च्या सांगतोय."

मला त्या क्षणी त्यांचा फार कळवळा आला, पण धीराचं बोलणं मला जमत नाही. मग मी जे येत होतं ते केलं. फळ्याकडं वळले आणि विचारलं, "लेथचा तो लांब स्क्रू आहे, त्याला इंचाला किती आटे?"

"चार."

"म्हणजे त्याचा एक आटा पाव इंच. इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटर. त्याचा पाव, सहा पूर्णांक पस्तीस शतांश. आपल्याला हवेत दोन. दोन भागिले सहा पूर्णांक पस्तीस."

मी दोन्हीला शंभरनं गुणलं, पाचानं भागलं आणि लिहिलं: वर चाळीस, खाली एकशे सत्तावीस.

"म्हणजे चाळीस दात्यांच्या चाकानं एकशे सत्तावीस दात्यांचं चाक फिरवायचं. झालं."

मिस्त्री पहिल्यांदा हसले. "एकशेसत्तावीस? आसलं चाक कोन करतंय, बाई? चाकांच्या पेटीत एकशेइसाच्या म्होरं चाक न्हाय. त्ये मोडून दोन ल्हान चाकं करा की."

"मोडत नाही. एकशे सत्तावीसला कशानंच भाग जात नाही."

"मग?"

मी एकशे सत्तावीसखाली रेघ मारली. ते उठले, साच्यावरची धूळ हातानं झटकली आणि गेले. त्या रात्री मी तोच भागाकार पुन्हा पुन्हा केला आणि दरवेळी तेच उत्तर येत गेलं. गणित बरोबर आल्याचं एवढं वाईट मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

शेडच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा रांजण होता. त्यावर लाकडी झाकण, आणि झाकण कुत्र्यामांजरानं हलवू नये म्हणून वर एक जुनं दातेरी चाक. चाकाच्या मधल्या भोकातून झाकणाची मूठ वर आलेली, जणू त्यासाठीच केलेलं. पाणी प्यायचं तर आधी ते जड धूड दोन हातांनी उचलून बाजूला ठेवायचं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मीही रोज ते उचलून तांब्या भरून घ्यायची आणि रोज मनात चरफडायची.

दुसऱ्या दिवशी भाकरी खाऊन झाल्यावर सगळे पाण्याला आले होते. मीही तांब्या घेऊन रांगेत होते. मिस्त्रींनी चाक उचललं, बाजूला ठेवलं, ओगराळं बुडवलं आणि तोंडाशी नेलं. आणि तसेच थांबले. पाणी ओगराळ्यातून त्यांच्या सदऱ्यावर सांडत होतं. मागचा कुणीतरी म्हणाला, "मिस्त्री, प्या की, आमास्नीबी तान लागलीया."

त्यांनी ओगराळं तसंच त्याच्या हातात दिलं, चाक उचललं आणि उजेडात आणून जमिनीवर ठेवलं. "बाई, खडू हाय?"

खडू माझ्या मुठीतच असायचा. त्यांनी एका दात्यावर खूण केली आणि मोजायला बसले. गंज धरून काही दाते भरले होते, मध्येच कुणीतरी बोललं आणि आकडा चुकला. मग दुसऱ्यानं मोजले, एकशे सव्वीस. तिसऱ्यानं मोजले, एकशे अठ्ठावीस. दोघांत बाचाबाची सुरू झाली. शेवटी गडमुडशिंगीकर पुढं झाला. त्यानं तारेच्या ब्रशनं सगळे दाते घासले आणि दर दहा दात्यांवर खडूची रेघ मारत गेला. साऱ्या शेडनं त्याच्या डोक्यावरून वाकून एकेका दात्याबरोबर आकडा म्हटला. बारा रेघा झाल्या आणि वर सात दाते उरले.

मिस्त्री जमिनीवर मांडी घालून बसले होते. "ह्ये चाक लेथच्या पेटीतनंच आलतं," ते म्हणाले. "कशालाच बसंना, म्हनून उस्तादानं रांजनावर ठिवलं. त्यालाबी ठावं न्हवतं की." मग ते चाकावरून हात फिरवत राहिले. उस्तादालाही ठाऊक नव्हतं, हे ते जरा वेळानं पुन्हा म्हणाले.

चाक रॉकेलनं धुतलं, पुसलं, लेथपाशी आणलं, शेजारी पेटीतलं चाळीस दात्यांचं चाक ठेवलं. आता झाकण उघडायचं होतं. सगळे भोवती उभे, हेल्पर मिस्त्रींच्या शेजारी. मिस्त्रींच्या तोंडून सवयीनं निघालं, "जा रं, च्या..." आणि ते मध्येच थांबले. हेल्परचा हात किटलीकडं गेलेलाही होता.

मिस्त्रींनी वाकून किटली स्वतः उचलली. खांद्यावरचं फडकं काढून हेल्परच्या खांद्यावर टाकलं. "बाईंनी दावलंया न्हवं, कोन कुनाला फिरीवतंय? मग बसीव. मी च्या घिऊन येतो."

ते गेले. मग त्या गड्यानं झाकण उघडलं. पहिल्यांदा त्यानं चाकं उलटी धरली, मोठं वर आणि लहान खाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो स्वतःशीच पुटपुटला, "फिरवनारं वर, फिरनारं खाली," आणि त्यानं ती बदलली. चाक जागेवर असं बसलं की मध्ये फट उरली नाही. इतक्या वर्षांनी चाकाला त्याची जागा सापडली होती.

चहा आणायला एवढा वेळ लागत नाही. चहावाल्यानं मला नंतर सांगितलं, मिस्त्री त्याच्या बाकड्यावर बसून होते. किटली भरून ठेवलेली, पण ते उठेनात. नुसते शेडकडं बघत होते. त्यानं विचारलं, "मिस्त्री, आज तुमी?" तर म्हणाले, "आज माजा नंबर."

बोल्ट कापून झाला. नट लावला. एक फेरा, दोन फेरे. तिसऱ्याला सगळ्यांची मान पुढं झाली. नट अडला नाही. तो बोटाच्या धक्क्यानं शेवटपर्यंत गेला आणि परत आला. शेडमध्ये एवढा गलका झाला की मालक ऑफिसातून उठून आले, आणि दुसऱ्या दारानं मिस्त्री किटली घेऊन आत आले.

मालकांनी नट फिरवून बघितला. पुन्हा बघितला. मग झाकण उघडं असलेल्या लेथकडं बघितलं. "कुनी बसीवलं ह्ये?"

हेल्पर जमिनीकडं बघत होता. मिस्त्रींचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पुण्याचं पत्र अजून माझ्या ड्रॉवरमध्येच होतं, आणि या एका उत्तरावर ते जाणार की राहणार, हे मला दिसत होतं. मिस्त्रीच आधी बोलले.

"ह्येनं."

"आनि तुमी काय करत हुता?"

"च्या आनाय गेलतो."

मालकांचा मोठा आवाज त्या वेळी कुठं गेला कोण जाणे. त्यांनी मिस्त्रींच्या हातातल्या किटलीकडं बघितलं. मी आधी सांगितलं, तेही याच गल्लीत हेल्पर होते. मिस्त्री काय म्हणाले, ते तिथं उभ्या असलेल्या कुणापेक्षाही त्यांना जास्त कळलं असणार. त्यांनी एक ग्लास पुढं केला, मिस्त्रींनी त्यात चहा ओतला, आणि मालक तो उभ्यानं प्याले.

"माज्या उस्तादानं मला कदी च्या दिला न्हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून नेहमीच्या आवाजात, "बाई, पुन्याच्या पावन्याला कायबी कळवू नगा. आनि मिस्त्री, उद्यापासनं दुपारनं बाईंच्या खोलीत जायाचं. तुमचं जुनं सेट आनि ह्यो नवा, समद्यांना दावायचं. ड्रिलवर दुसरं कोनतरी बगू."

ऐंशी उलटून गेल्यावरही ती खोली चालू होती. आसपासच्या शेडमधले हेल्पर यायचे, पुढं शिरोळकडची ट्रॅक्टर दुरुस्त करणारी मुलंही यायला लागली. गडमुडशिंगीकर मिस्त्री झाला आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला एक जण पुढं दुसऱ्या कारखान्यात मिस्त्री झाला. आमच्या शेडमध्ये एक रीत पडून गेली, शिकणाऱ्यानं गिअर बसवायचे आणि शिकवणाऱ्यानं चहा आणायचा. नवीन येणाऱ्यांना वाटायचं, हा कारखान्याचा नियमच आहे. कुठं लिहिलेला नव्हता. मला कुणी कामगारांच्या शिक्षणाचं पुढं काय होणार असं विचारलं की मी त्यांना अजून हेच सांगते, आणि ते मी गंमत करतेय असं समजून हसतात.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती नट फिरला त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. मिस्त्रींसाठी मी फळ्याशेजारी ऑफिसातली खुर्ची आणून ठेवली होती. सगळे बाकांवर बसलेले. मिस्त्री आले, सदरा बदललेला, दाढी नीट केलेली. खुर्चीकडं त्यांनी बघितलं आणि सरळ मागच्या बाकाकडं चालत गेले. हेल्परांनी गडबडीनं सरकून जागा केली.

"मिस्त्री, खुर्ची इकडं आहे," मी म्हटलं.

"आसू दे. दावायचं उद्या. आज मला त्यो भागाकार सांगा. एकशेसत्तावीस आला कुठनं, त्ये मला परवा कळलंच न्हाय."

उस्ताद आपल्याच बाकावर येऊन बसलेत म्हटल्यावर त्यांचा हेल्पर कावराबावरा झाला. काय करावं ते त्याला सुचेना. जन्मभराची सवय, तो अर्धवट उठला आणि म्हणाला, "मी च्या घिऊन येतो."

मिस्त्रींनी त्याचा हात धरून त्याला खाली ओढलं. "बस गप. आता कुनी कुटं जायाचं न्हाय."

मी फळा पुसला आणि अंश-छेदापासून पुन्हा सुरुवात केली.